जखम बघून

आमच्या गावच्या मारुतीच्या देवळामागं तीन वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर घेऊन चालल्यात, वरच्या चौकटीत तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला. लहानपणी आम्ही त्या दगडांवर चिंचोके फोडायचो. कुणाचे वीरगळ, कुठल्या लढाईतले, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढं मात्र पोराटोरांनाही कळत होतं, की लढाईत मेलेल्याला दगड मिळतो. जो मेला नाही, पण धडही राहिला नाही, त्याला काय मिळतं, हे मला कळायला साठी गाठावी लागली. आमच्याच घरात तसे दोघं होते. त्यांची ही गोष्ट आहे.

आमचा सातारा जिल्हा पलटणीत माणसं देणारा. अपशिंगे गावाला तर नावच पडलं ‘अपशिंगे मिलिटरी’. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. आमचं गाव खटाव तालुक्यातलं, तेवढं मोठं नाही, पण दर चार घरांमागं एका घरातला माणूस ‘मिलिट्रीत’. पाऊस भरवशाचा नाही, रान मुरमाड, मग करायचं काय? सोळा-सतरा वर्षांचं पोरगं छाती मोजून घ्यायला साताऱ्याला जायचं आणि तिथनं बेळगावला मराठा पलटणीच्या केंद्रात.

जखमी शिपायाचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडं इंग्रजांनी आणला असं नाही. सभासदाच्या बखरीत प्रतापगडच्या लढाईनंतरची हकिगत आहे. महाराजांनी पडलेल्यांच्या मुलांना चालवलं, ज्याला मुलगा नाही त्याच्या बायकोला निम्मं वेतन लावून दिलं, आणि जखमींना जखम बघून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले. इतिहास शिकवताना चौथीच्या पोरांना मी हे अनेकदा सांगितलं. पोरं खूश व्हायची. त्यातल्या ‘जखम बघून’ या शब्दांपाशी मात्र मी बरीच वर्षं थांबलो नव्हतो.

इंग्रजी अमदानीत पहिल्या महायुद्धातनं मराठे मेसोपोटेमियातनं परत आले ते मोडून आले. कुतच्या वेढ्यात उपासमारीनं माणसं गेली, हातपाय तुटलेले मुंबईच्या बंदरात उतरले. त्यांना काही धंदा शिकवावा म्हणून १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी टेक्निकल स्कूल निघालं, ते पुढं खडकीला गेलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. आमच्या घराचा या इतिहासाशी संबंध येतो तो इथं.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, त्यांना सगळं गाव ‘थोरले आबा’ म्हणायचं, ते १९४४ साली इटलीत होते. नदीकाठच्या शेतात सुरुंगावर डावा पाय पडला. गुडघ्याखाली पाय गेला. महिनोन्‌महिने इस्पितळात काढून ते पुण्याला आले आणि तिथनं लाकडी पाय लावून गावात उतरले. एसटी नव्हती, बैलगाडीतनं आले. माझी आजी सांगायची, गाडीतनं उतरताना त्यांनी कुणाचा हात घेतला नाही.

आम्ही पोरं आबांच्या पायाचे भक्त होतो. रात्री ते पाय सोडून खुंटीला टांगायचे. चामड्याचे पट्टे, बकलं, खाली काळा बूट. एक बूट खुंटीवर आणि एक जमिनीवर, असं दृश्य दुसऱ्या कुणाच्या घरात नव्हतं. काही वर्षांनी पाय झिजला, की आबा पुण्याला जायचे. कुणी विचारलं, “कुठं निघाला आबा?” तर म्हणायचे, “पाय बदलून येतो.” बाजारातनं चप्पल आणावी तसं.

त्यांना अपंगत्वाची पेन्शन होती. तालुक्याच्या ट्रेझरीत स्वतः जाऊन घ्यायची. स्वराज्य आलं, राजा बदलला, तरी पेन्शन चालू राहिली. ट्रेझरीतला कारकून आबांना बसायला खुर्ची द्यायचा. गावात लग्नाला, पारावर, ग्रामपंचायतीत आबांची जागा ठरलेली. त्यांची जखम आंधळ्यालासुद्धा ऐकू यायची, ठक् ठक् ठक्.

दुसरे आमचे तात्या. माझ्या वडलांचे धाकटे भाऊ.

चीनची लढाई झाली आणि फौज वाढवायचं ठरलं, तेव्हा जिकडंतिकडं भरती निघाली. तात्या जानेवारी १९६३ मध्ये भरती झाले. डॉक्टरांनी डोळे बघितले, कान बघितले, छाती ठोकून बघितली आणि पास केलं. ही पास केल्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिच्यावरच सगळं उभं आहे. तात्या उंचेपुरे, कबड्डीत एकटे चौघांना ओढून आणणारे. बेळगावातनं पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्यांनी मला खांद्यावर बसवून वेशीपासनं घरापर्यंत पळवलं होतं.

१९७१ च्या सुरुवातीला त्यांची तुकडी तेव्हाच्या नेफात, उंचावरच्या एका चौकीत होती. थंडी अशी की पाणी प्यायचं तर बर्फ वितळवायचा. रात्रीचा पहारा संपवून तात्या बंकरमध्ये आले, चहाचा मग हातात घेतला आणि धाडकन पडले. हातपाय आखडले, तोंडाला फेस. आमच्याकडं याला आकडी म्हणतात, कुणी फेफरं म्हणतं, लष्करात ‘फिट’ म्हणतात. खाली आणून इस्पितळात ठेवलं, परत पाठवलं, हलकं काम दिलं, ऑक्टोबरात पुन्हा फिट आली. डिसेंबरात लढाई लागली तेव्हा त्यांच्याबरोबरीची पोरं आघाडीवर होती आणि तात्या इस्पितळाच्या खाटेवर पडून रेडिओ ऐकत होते.

१९७२ च्या उन्हाळ्यात वैद्यकीय बोर्ड बसलं. अपंगत्व २० टक्के. सेवेस अपात्र. नऊ वर्षं आणि काही महिने नोकरी झालेली. हातात एक ठोक रक्कम दिली आणि काळी पत्र्याची ट्रंक घेऊन तात्या कोरेगाव स्टेशनावर उतरले. मी न्यायला गेलो होतो. त्यांनी ट्रंक स्वतःच उचलली. मला म्हणाले, “पुढं हो.”

इथं थोडं नियमाचं सांगायला पाहिजे, कारण पुढची चव्वेचाळीस वर्षं आमचं घर या नियमाभोवतीच फिरलं.

जवानाला साधी पेन्शन मिळायची तर पंधरा वर्षं नोकरी लागते. आजारामुळं मधेच घरी पाठवलेल्याला निदान दहा वर्षं झालेली असावी लागत, नाहीतर एकदाच काय ती रक्कम. तात्यांना नऊ. उरली अपंगत्वाची पेन्शन. तिला नोकरीच्या वर्षांची अट नाही, पण दुसऱ्या दोन अटी आहेत. १९६१ च्या लष्करी पेन्शन नियमावलीप्रमाणं अपंगत्व २० टक्के किंवा जास्त पाहिजे, आणि ते लष्करी सेवेमुळं आलेलं किंवा सेवेमुळं वाढलेलं पाहिजे. तात्यांचे वीस टक्के होते. पण दुसऱ्या प्रश्नासमोर बोर्डानं लिहिलं होतं: सेवेमुळं आलेलं नाही, सेवेमुळं वाढलेलंही नाही.

कारण म्हणून एकच शब्द होता, ‘कॉन्स्टिट्यूशनल’. मी तेव्हा अकरावीला होतो. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे राज्यघटना एवढंच मला ठाऊक. तात्यांच्या आकडीचा आणि घटनेचा काय संबंध, म्हणून मी शाळेतली डिक्शनरी काढून बघितली. शरीराच्या मूळ घडणीतला, असा दुसरा अर्थ निघाला. म्हणजे दोष तात्यांच्या हाडामासातच होता. भरतीला गेले तेव्हा तो कुणाला दिसला नव्हता, नऊ वर्षं दिसला नव्हता, आणि दिसला तेव्हा तो आधीपासनंच होता असं ठरलं.

गावानंही आपलं बोर्ड बसवलं. डिसेंबरच्या लढाईत शेजारच्या गावातलं एक पोरगं कामी आलं होतं. त्याच्या तेराव्याला बोललेले शब्द मी कानांनी ऐकले, “आणि आमचा गडी ऐन लढाईच्या टायमाला दवाखान्यात!” कुणी म्हणायचं भीतीनं फिट आली, कुणी म्हणायचं सोंग आहे, कुणी म्हणायचं बाहेरची बाधा. देवऋषी झाला, अंगारे झाले. आकडी आली की कांदा फोडून नाकाशी धरायचे, पायातलं पायताण हुंगवायचे. ज्या माणसानं मला खांद्यावर नाचवलं, त्याच्या नाकाला लोक चप्पल लावताना मी बघितलंय, आणि धरायला पुढं न होता मागं उभा राहिलोय. हेही लिहून ठेवायला पाहिजे.

शेतकऱ्याला आकडी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला पटकन कळायचं नाही. विहिरीवर जायचं नाही, मोट धरायची नाही, झाडावर चढायचं नाही, चुलीपुढं, गुऱ्हाळाच्या कढईपाशी एकट्यानं बसायचं नाही. मग शेतात राहिलं काय? काकी सावलीसारखी त्यांच्या मागं असायची. विहिरीकडं वळले की ही हातातलं खुरपं टाकून उठायची. बोर्डानं वीस टक्के तात्यांचे मोजले होते. काकीचे कुणी मोजले नाहीत.

आणि ते साल १९७२. आमच्या भागात त्या सालाचं नाव काढलं तरी म्हातारी माणसं अजून गप्प होतात. विहिरींना तळ लागला, जनावरं सोडून द्यायची वेळ आली, सरकारनं दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, रस्ते, खडी. तांबडा मिलो आणि सुकडी खाऊन माणसं जगली. तात्या आणि काकी खडी फोडायला गेले. एकदा हातोडा हातात असतानाच तात्यांना आकडी आली आणि ते खडीच्या ढिगावरच पडले. कपाळाला खोक पडली. मुकादम भला माणूस, पण त्यानं हात जोडले. म्हणाला, “बाई, उद्यापासनं ह्यांना आणू नका. काय झालं तर माझ्या गळ्याशी यील.” दुसऱ्या दिवसापासनं काकी एकटी जायला लागली.

त्याच १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. तेही जवान, १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून अपंग झालेले. देशानं त्यांना ‘पद्मश्री’ दिली ती २०१८ साली. त्यांचं कौतुक वाचताना माझा ऊर भरून येतो, आणि त्याच वेळी मनात येतं, अंगावर गोळ्यांच्या खुणा असलेल्या माणसाचीही दखल घ्यायला इतकी वर्षं लागली, तर खूणच नसलेल्याचं काय होणार!

१९७३ पासनं मी अर्ज लिहायला लागलो. माझं अक्षर चांगलं होतं, हीच पात्रता. काकी समोर बसून सांगायची, मी लिहायचो. “मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन गरीब शिपायावर दया करावी. घरात खाणारी तोंडे सहा. जमीन कोरडवाहू. दुष्काळाने हैराण झालो आहोत.” पुढं डी.एड. करून मी प्राथमिक शिक्षक झालो, तेव्हा मोडक्या इंग्रजीत लिहायला लागलो. दया तशीच होती, फक्त भाषा बदलली. अर्ज वरच्या कचेरीत जायचा. सहा महिन्यांनी, वर्षानं दोन ओळींचं उत्तर यायचं: आपले अपंगत्व सेवेमुळे नसल्याने विनंती मान्य करता येत नाही. १९९० पर्यंत मी अकरा अर्ज लिहिले. शेवटचं उत्तर आलं तेव्हा तात्या म्हणाले, “मास्तर, आता बास. तिकिटाचे पैसे तरी वाचू देत.”

पेन्शन नाही म्हणून तात्या माजी सैनिकांच्या मेळाव्याला जात नसत. पंधरा ऑगस्टला शाळेत मी त्यांना झेंड्याला बोलवायचो. यायचे नाहीत. पण घराच्या अंगणात त्या वेळेला ते सावधान उभे असायचे, हे मला माझ्या मुलीनं सांगितलं.

थोरले आबा १९८४ साली गेले. त्यांच्या दिवसांत आजीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एक गोष्ट सांगितली. इटलीतनं आल्यापासनं आबा रात्री झोपेत ओरडायचे. दचकून उठायचे आणि नसलेल्या पायाला चाचपायचे. चाळीस वर्षं. आजीनं ते बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. आबा एकदा तिला म्हणाले होते, “पाय गेला त्याचं पैसं मिळत्यात. झोप गेली त्याचं कोण देतंय? धाकट्याला लोक हसत्यात. माझं निम्मं दुखणं त्याच्यासारखंच हाय, पण माझ्याकडं दाखवायला लाकूड हाय.” हे आबा पारावर बोलले असते, तर तात्यांचं आयुष्य थोडं सोपं झालं असतं. ते बोलले नाहीत. त्या पिढीला अशा गोष्टी बोलायच्या असतात हेच ठाऊक नव्हतं.

मग आलं २०१३. आमच्या गावचे एक निवृत्त सुभेदार पेपरचं कात्रण घेऊन माझ्याकडं आले. सर्वोच्च न्यायालयाचा २ जुलैचा निकाल. धरमवीर सिंग नावाच्या जवानाचा. मी वाचत गेलो आणि अंगावर काटा आला. सिग्नल्समध्ये भरती, नऊ वर्षं नोकरी, फिट येण्याचा आजार, अपंगत्व २० टक्के, सेवेशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारलेली. नाव बदललं असतं तर आमच्या तात्यांचाच कागद.

न्यायालयानं काय म्हटलं ते साध्या भाषेत सांगतो. भरतीच्या वेळी तपासणी तुम्हीच केली. त्या वेळी आजाराची नोंद केली नसेल, तर माणूस धडधाकट होता असंच धरलं पाहिजे. पुढं तो आजारी पडला, तर तो सेवेमुळंच पडला असं धरून चालायचं. तसं नाही, असं म्हणायचं असेल तर ते सरकारनं कारणं देऊन सिद्ध करायचं. शिपायानं नाही. शंका राहिली तर तिचा फायदा शिपायाला. यातलं नवीन काही नव्हतं, असंही न्यायालयानं दाखवून दिलं. सरकारच्या नियमांतच हे लिहिलेलं होतं.

साताऱ्याला एक वकील होते, स्वतः फौजेतनं आलेले. त्यांच्याकडं मी तात्यांची ट्रंक घेऊन गेलो. ट्रंकेतले कागद काकीनं चाळीसहून जास्त पावसाळ्यांतनं जपले होते. दर वर्षी कडुलिंबाचा पाला बदलायचा, दिवाळीच्या आधी एक दिवस ऊन द्यायचं. काकीला वाचता येत नाही. ती कागद ओळखायची ते अंगलटीवरनं: सिंहाचा कागद, निळा कागद, पातळ कागद. तो पातळ कागद म्हणजे वैद्यकीय बोर्डाच्या अहवालाची कार्बन प्रत. इस्पितळातल्या कोल्हापूरकडच्या एका कारकुनानं आपल्या मुलखातला माणूस म्हणून हळूच दिलेली.

वकिलांनी तो उजेडात धरून वाचला. त्यात एक प्रश्न होता: हा आजार भरतीपूर्वी होता काय? बोर्डानं स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं होतं: नाही.

मग त्यांनी माझ्या अकरा अर्जांच्या नकला चाळल्या. चष्मा काढून म्हणाले, “मास्तर, अक्षर फार सुंदर आहे तुमचं. पण अकरा अर्जांत तुम्ही दया मागितलीत, दुष्काळ सांगितलात, पोरं मोजून दाखवलीत. ही ओळ एकदाही लिहिली नाहीत. भरती करताना नव्हता, तर आला कुठनं, एवढंच विचारायचं होतं.”

मी शिक्षक माणूस. आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर लाल शाईनं ‘प्रश्न नीट वाचा’ असं लिहिलं. त्या दिवशी मला खाली बघावं लागलं. मी काय, आमच्या सगळ्या मुलखालाच पेन्शन म्हणजे सरकारची कृपा वाटत आली. साहेबांनी खूश होऊन दिली तर द्यायची. ती देणं लागतात, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

पूर्वी अशा दाव्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागायची. २००७ च्या कायद्यानं सशस्त्र सेना न्यायाधिकरण आलं, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. २०१४ साली तिथं अर्ज दाखल झाला. त्याच वर्षी मी निवृत्त झालो, म्हणून मला वेळ होता. मुंबईच्या रात्रीच्या गाड्यांच्या किती फेऱ्या झाल्या, ते सोडून देतो. सरकारी बाजूनं सांगितलं, की या शिपायाची कागदपत्रं आता अस्तित्वात नाहीत. तेही नियमाप्रमाणंच होतं. पेन्शन नसलेल्या शिपायाचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. म्हणजे ज्याला पेन्शन नाकारली, त्याचा नाकारल्याचा पुरावाही काही वर्षांनी संपतो. आमचा संपला नाही, तो काकीच्या कडुलिंबामुळं.

२०१६ साली निकाल आला. तात्यांचं अपंगत्व सेवेमुळं आलेलं धरावं. वीस टक्क्यांचे पन्नास टक्के धरून पेन्शन द्यावी. हे वीसाचे पन्नास कसे, म्हणून काकी चक्रावली. सांगितलं, की आजारामुळं घरी पाठवलेल्यांसाठी १९९६ पासनं तसा नियम आहे: पन्नासच्या आत असेल तर पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तरच्या मधे असेल तर पंचाहत्तर, त्याच्यावर शंभर. डॉक्टरांच्या मोजण्यात थोडंफार कमीजास्त होतं, त्याचा तोटा शिपायाला नको म्हणून.

“आणि मागचं?” काकीनं विचारलं.

मागचं म्हणजे थकबाकी. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानंच तरसेम सिंग यांच्या खटल्यात ठरवून दिलंय. पेन्शन न देणं ही दर महिन्याला नव्यानं घडणारी चूक आहे, त्यामुळं उशिरा आलात तरी दार बंद नाही. पण थकबाकी मिळणार ती दावा लावायच्या आधीच्या तीन वर्षांची. तात्यांची वर्षं चव्वेचाळीस. मिळाली २०११ पासनंची.

काकी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हंजे बहात्तरची खडी फुकटच फोडली म्हण की.”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

तात्यांना मी निकाल मराठीत वाचून दाखवला. ते खाटेवर बसले होते, सत्तरी ओलांडलेली, गोळ्यांनी बोलणं जड झालेलं. पैशाचा भाग आला तेव्हा त्यांनी हातानंच ‘पुढं’ अशी खूण केली. ‘सेवेमुळं’ हा शब्द आला तेव्हा म्हणाले, “परत वाच.” वाचला. “आता भायेर जाऊन वाच. पारावर.” मी म्हणालो, “तात्या, पारावर तेव्हाचं आता कोण राहिलंय? बोलणारे सगळे गेले.” तात्या म्हणाले, “त्यांची पोरं हैत की.”

मी पारावर जाऊन वाचलं नाही. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू? पण पुढच्या पंधरा ऑगस्टला तात्या स्वतःच शाळेत आले. इस्त्रीचा सदरा, छातीवर दोन पदकं, काकीचा हात धरून. माईक माझ्या जागी आलेल्या मास्तरांच्या हातात होता. त्यांनी विचारलं, “तात्या, दोन शब्द?” तात्यांनी मान हलवली आणि झेंड्याला कडक सलामी ठोकली. पारावरच्यांची पोरं आणि नातवंडं बघत होती. २०१९ साली तात्या गेले. आता काकीला कुटुंब पेन्शन मिळते.

त्यानंतर नियम थोडे सुधारले. दहा वर्षांच्या आत आजारामुळं घरी पाठवलेल्या जवानालाही आता पेन्शन द्यायचं सरकारनं २०२० साली ठरवलं, पण ४ जानेवारी २०१९ ला किंवा त्यानंतर जे नोकरीत होते त्यांनाच. अग्निवीरांची तर तऱ्हाच वेगळी. चार वर्षांची नोकरी, पेन्शन नाही. अपंगत्व आलं तर ५०, ७५ आणि १०० टक्क्यांना अनुक्रमे १५, २५ आणि ४४ लाखांची एकरकमी मदत. पण तिथंही पहिला प्रश्न तोच, हे सेवेमुळं आलंय का? सभासदाच्या काळापासनं जखम बघूनच देतात. न दिसणारी जखम बघायला डॉक्टर शिकले, न्यायालयं शिकली. पण ती दाखवायचं काम अजून शिपायाकडंच राहतं, आणि दाखवायला हातात फक्त कागद असतो.

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. काकीला घेऊन मी केंद्रावर जातो. यंत्रावर अंगठा ठेवायचा. काकीचा अंगठा उमटत नाही, रेषाच उरल्या नाहीत. पोरगं म्हणतं, “आज्जी, पुसून ठेवा.” काकी पदरानं पुसते, परत ठेवते. चौथ्या-पाचव्या वेळेला कधीतरी उमटतो. मागच्या वर्षी ती त्या पोराला म्हणाली, “पुसून कसा उमटंल बाबा? खडीत गेलाय त्यो.”

माझा नातू यंदा भरतीची तयारी करतोय. पहाटे पाच वाजता त्याची आणि त्याच्या दोस्तांची पावलं रस्त्यावर वाजतात. काकी त्या वेळेला ओट्यावर बसलेली असते. परवा त्याला थांबवून तिनं विचारलं, “भरतीला डाक्टर तपासतोय न्हवं?”

“व्हय आज्जी.”

“त्यो लिहून देतो त्या कागदाची झेरॉक्स घे. दोन घे. एक तुझ्यापाशी ठिव आणि एक मला दे.”

ट्रंक तिनं अजून टाकलेली नाही.